चवथीच्या चंद्राचा आळ

दुर्बिणीचा खोका घरात आला तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "ही चवथीच्या दिसा खंय दवरपाची?"

श्रावण होता. बाहेर धो धो पाऊस, अंगणात शेवाळ, आणि मी आकाश बघायचं यंत्र मागवलेलं. नवऱ्याला हसू आवरत नव्हतं. खोका आणून देणाऱ्या माणसानेसुद्धा त्यावरचं चित्र बघून एकदा ढगांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं होतं. पण सासूबाईंना पावसाची काळजी नव्हती. त्यांची काळजी चवथीची. गणपतीच्या चवथीला चंद्र बघू नये, बघितला तर माणसावर खोटा आळ येतो, हे आमच्या कोरगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साध्या डोळ्यांनी चुकून दिसला तर एवढं होतं, मग दुर्बिणीतून दिसला तर काय होईल, असा त्यांचा सवाल होता.

"कपाटात ठेवीन," मी म्हटलं.

"कपाटाक कुलूप घाल," त्या म्हणाल्या.

त्यांच्या या भीतीमागे एक घडलेली गोष्ट होती. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये कमरेइतका चिऱ्यांचा गडगा आहे. या गडग्यावरून कालवणाच्या वाट्या, अबोलीच्या वेण्या, आंब्याची लोणची आणि गावातल्या बातम्या सासूबाईंच्या लग्नापासून इकडून तिकडे जात आल्या होत्या. शेजारीण आणि त्या एकाच वर्षी या वाड्यावर सुना म्हणून आल्या. दोघींचं इतकं गूळपीठ की एकीला शिंक आली तर दुसरी सुंठ उगाळायची. मला याचा थोडा हेवाही वाटायचा, कारण सासूबाई माझ्याशी दिवसभरात जेवढं बोलत त्याहून जास्त त्या गडग्याशी उभ्या राहून बोलत.

मागच्या वर्षी गणपती आणल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारीण नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट घेऊन गडग्याशी आली. आमच्या घरात आरती रंगात आलेली, मातीच्या घुमटांवर थापा पडत होत्या, हाक मारून ऐकू जाण्यासारखं नव्हतंच. सासूबाई अंगणात तुळशीपाशी उभ्या होत्या. शेजारणीने हसून ताट पुढे केलं. सासूबाईंनी मान वर केली, क्षणभर थांबल्या, आणि तोंड फिरवून सरळ घरात निघून गेल्या.

हे मी रांधपाच्या खोलीच्या खिडकीतून स्वतः पाहिलं. कढईत तेल तापलेलं होतं म्हणून मला लगेच धावता आलं नाही. शेजारीण ताट धरून तशीच उभी राहिली. मग तिने ते गडग्यावर ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि गेली. मी पोचेपर्यंत कावळ्यांनी नेवऱ्यांचा चुरा केला होता.

चवथीची नेवरी नाकारणं म्हणजे आमच्याकडे संबंधच तोडणं. शेजारणीने ते तसंच घेतलं. "माका पळोवन तोंड फिरयलें तिणें," असं ती वाड्यावर सगळ्यांना सांगत राहिली आणि प्रत्येक वेळी तिचे डोळे भरून येत. सासूबाईंचं एकच म्हणणं, "हांवें ताका पळयलेंच ना." यावर कोण विश्वास ठेवणार? चार हातांवर उभी असलेली बाई, तीही ताट पुढे करून, दिसली नाही? मी मनात म्हटलं, आई, खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोला.

शेवटी सासूबाईंनी स्वतःच उत्तर शोधून काढलं. आदल्या रात्री खरकटं पाणी फेकायला त्या मागच्या दारी गेल्या होत्या, तेव्हा चवथीचा चंद्र त्यांच्या नजरेस पडला असणार. म्हणून हा आळ. त्यांनी भटजींकडून देवावर आलेल्या मण्याच्या चोरीच्या आळाची गोष्ट पुन्हा ऐकली, ती ऐकली की आळ जातो म्हणतात. आळ गेला नाही. वर्षभर गडग्यावरून एक वाटीसुद्धा गेली नाही. संध्याकाळी सासूबाई सवयीने गडग्याकडे जायच्या आणि अर्ध्या वाटेवरून माघारी यायच्या. ते बघून मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. एवढं जड जातंय तर जाऊन माफी मागावी ना!

त्या हट्टी आहेत हे मला आधीपासून माहीत होतं, असं मी समजत होते. चहाचा कोप उजव्या हाताशी ठेवला की हमखास सांडायच्या. दाराच्या चौकटीला खांदा आपटायच्या आणि चौकटीलाच शिव्या घालायच्या. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीतल्या नारळाच्या पेंडीवर दर वर्षी कपाळ आपटून घ्यायच्या, आणि आम्ही सगळे हसायचो. मी बाजूला येऊन काही विचारलं की दचकायच्या, "भुता सारकें खंयच्यान येता गो तूं?" मला वाटायचं, सुनेला टोमणा मारण्याची ही त्यांची तऱ्हा. डोळ्यांचा संशय येण्याचं कारणच नव्हतं. सुईत दोरा ओवायला मला चष्मा शोधावा लागे, आणि त्या ओटीवर बसून एका फटक्यात ओवून दाखवत. "तरणीं तुमी, आनी डोळे म्हजे बरे," असं वर ऐकवत.

आता माझं सांगते. मला दुर्बिणीचं हे वेड माहेराहून आलं. माझं माहेर डिचोली तालुक्यातलं, खाणीच्या वाटेवरचं. लहानपणी आमच्या दारावरून दिवसभर मातीचे टिप्पर जायचे. आमचं आकाश तांबडं असायचं, वाळत घातलेले कपडे तांबडे, पेरूची पानं तांबडी. मग खाणी बंद पडल्या. घरातली कमाई थांबली, दारातला टिप्पर गंजला, आणि पहिल्याच हिवाळ्यात आमच्या अंगणातून इतके तारे दिसले की माझी आई घाबरून आत गेली. बाबा पायरीवर डोक्याला हात लावून बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी बसून वर बघत होते. त्या वेळी आपल्याला आनंद होतोय याची मला लाज वाटली होती. पण झाला होता हे खरं.

लग्न होऊन पेडणे तालुक्यात, या कोरगावात आले, तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या विभागात लागले. दिवसभर गोळ्या फुटतात कशा, विरघळतात कशा हे बघायचं. आकाश तसंच राहून गेलं. मग मोपाचा विमानतळ झाला आणि पलीकडच्या डोंगरामागे रात्रभर उजेड दिसायला लागला. दर वर्षी तो जरा जास्त वाटतो. मी घाबरले. म्हटलं, आता घेतली नाही तर घेऊन काय बघणार? म्हणून श्रावणात दुर्बीण.

चवथ आली. खोका कपाटात, कपाटाला कुलूप, कुलपाची चावी सासूबाईंच्या कमरेला. त्या संध्याकाळी त्या मान खाली घालून घरात वावरत होत्या, खिडक्यांना त्यांनी जुनी लुगडी लावली होती. पलीकडे शेजारणीच्या घरात आरती चालू होती. त्या ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "औंदां तरी आळ जांव दी रे देवा." मी तिथेच नेवऱ्या तळत होते. मी आच कमी केली.

पाऊस दसऱ्यानंतर गेला आणि मी एका रविवारी दुर्बीण जोडायला काढली. सोबतच्या पुस्तकातली चित्रं एका दुर्बिणीची, माझी दुसरीच. तीन पायांचं स्टँड उभं केलं तर शेणाने सारवलेल्या अंगणात त्याचा एक पाय खचे, म्हणून तिन्ही पायांखाली चिऱ्याचे तुकडे घातले. नळी चढवली. नळीवर एक छोटी दुर्बीण असते, फाइंडर. मोठ्या नळीतून आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो, त्यात हवा तो तारा नुसता शोधत बसलं तर जन्म जाईल, म्हणून आधी फाइंडरमध्ये तो पकडायचा. पण त्यासाठी दोन्ही नळ्या एकाच जागी बघताहेत ना, हे दिवसाउजेडी जुळवून घ्यावं लागतं. मी शेतापलीकडचा मोबाइलचा टॉवर धरला. मोठ्या नळीत टॉवरवरचा घारीचा खोपा दिसला, फाइंडरमध्ये माडाची चुडतं. स्क्रू पिळून पिळून बोटं दुखली तेव्हा कुठे दोघींचं एकमत झालं.

पहिल्या संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत आयपीसला डोळा लावला, आणि काळोख. ही काच बदलली, ती बदलली, नळी हलवली, काळोखच. नवरा म्हणाला, सदोष माल आला. ओटीवरून सासूबाई बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तोंडावयलें झाकण काड आदीं."

झाकण तसंच होतं. ही गोष्ट त्यांनी पुढचे आठ दिवस येईल त्याला सांगितली.

दिवाळीच्या दिवसांत शनी संध्याकाळीच वर असायचा. त्याचं कडं त्या वर्षी सुतासारखं बारीक होतं, पण कडं ते कडं. वाड्यावरची माणसं अंगणात रांग लावून बघून गेली. बहुतेकांचं मत वाईट पडलं. एवढासाच? भोवती सगळा काळोखच? पाइपातून बघितल्यासारखं वाटतं, असं जो तो म्हणाला. शेजारीण तेवढी आली नाही. सासूबाईंनी तर बघायला साफ नकार दिला. "शनीक कोण मुद्दाम पळयता गो? तो आपणाक पळयता तेंच पुरो." चंद्र बघाल का, असं विचारलं तर म्हणाल्या, चंद्र संकष्टीला बघेन, त्याचा मान आहे.

संकष्टी त्या कधीच चुकवत नाहीत. दिवसभर उपास, मग चंद्र उगवला की त्याला हात जोडायचे, अर्घ्य द्यायचं आणि जेवायचं. चंद्र दिसल्याशिवाय तोंडात घास नाही. आमच्याकडे तो काजूच्या डोंगरामागून येतो, म्हणून दिनदर्शिकेतल्या वेळेनंतर थोडा वेळ वाट बघावी लागते. त्या ओटीवर बसून मला विचारत, "उगवलो गो?" मी हो म्हटलं की खाली उतरत आणि मी दाखवीन त्या दिशेला हात जोडत.

त्या संकष्टीला मी आधीच दुर्बीण लावून ठेवली होती. ओटीवरचा दिवा मालवला. काजूंमागून चंद्र वर आला, एका बाजूने जरासा चेपलेला, पिवळाजर्द. मी तो बरोबर मधोमध धरला. आयपीस वर वळवलेला होता, त्यामुळे स्टुलावर बसून वाकलं की झालं. सासूबाई न्हाऊन, नवं लुगडं नेसून आल्या. चप्पल काढली, दुर्बिणीला नमस्कार केला आणि बसल्या.

"डावा डोळा मिटा, उजवा लावा," मी सांगितलं.

त्यांनी लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पहिल्यांदा चंद्र बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला मला फार आवडतं.

"काळोख आसा," त्या म्हणाल्या.

पृथ्वी फिरते, चंद्र नळीतून सरकून जातो. मी डोळा लावला. सरकला नव्हता, मध्येच होता. तरी जरा हलवून पुन्हा बसवला.

"काळोखच. झाकण काडलेंस मगो?" आणि त्या हसल्या.

मीही हसले. नव्या माणसाला डोळा कुठे धरायचा ते जमत नाही, सगळ्यांचं होतं. मी त्यांचं डोकं धरून थोडं पुढे केलं, थोडं मागे केलं. काळोख. पुन्हा केलं. काळोख. माझा स्वभाव तापट आहे, आणि त्यांच्या पोटात दिवसभर काही नव्हतं, मला घाई झाली होती. मी म्हटलं, "आई, डोळा उघडा तरी ठेवा!"

"उघडोच आसा गो."

मी वाकून बाजूने बघितलं. डोळा उघडा होता. आयपीसमधून येणारा चंद्राचा प्रकाश वाटाण्याएवढा होऊन बरोबर त्यांच्या बुबुळावर पडला होता. बुबुळ लखलखत होतं. आणि त्या तशाच बसून मला सांगत होत्या, "माका काय दिसना."

मी काय बघते आहे ते मला कळलं होतं, पण डोकं ते घ्यायला तयार नव्हतं. मी म्हटलं, "आई, आता दुसरा डोळा लावा."

त्यांनी डावा डोळा लावला आणि जोरात ओरडल्या, "आगे बाये! केदो मोठो गो! हाच्या तोंडार तर देवीचे वण आसात!"

नवरा आतून धावत आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. आईला चंद्र दिसला याचाच त्याला आनंद. तो म्हणाला, "पायपांतल्यान पळयल्या सारकें दिसता, न्हय गो आई? भोंवतणी काळोख."

"काळोख आसतलोच मरे," आयपीसवरून डोळा न काढता त्या म्हणाल्या. "सदांच आसता."

रात्र आहे, काळोख असणारच, असंच आम्हाला वाटलं. ते वाक्य तसंच निघून गेलं.

मी नवऱ्याला ओटीवरचा दिवा लावायला सांगितला. का, असं त्याने विचारलं. मी ओरडले, "लाव म्हणते ना!" अंगण उजळलं. सासूबाई डोळे चोळत स्टुलावर बसल्या होत्या, खुशीत. मी मागून गेले आणि काही न बोलता त्यांच्या डाव्या डोळ्यावर माझा तळहात ठेवला.

"लायट गेली गो?" त्यांनी विचारलं.

नवरा बटणाशीच उभा होता. त्याने दिव्याकडे बघितलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. मी हात काढला. "आयली," त्या म्हणाल्या. मी पुन्हा ठेवला. "परत गेली. ह्या वीजखात्याक कितें जालां?"

तोवर नवऱ्याच्याही ध्यानात आलं होतं. तो खाली पायरीवर बसला. एवढं मोठं काही आमच्या घरात, आमच्या ताटाशी बसून, आमच्याशी बोलत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. त्यांनाही नव्हता! एक डोळा विझून गेला आणि ज्याचा तो डोळा त्याला कळलंसुद्धा नाही. असं होऊ शकतं?

सासूबाईंना आम्ही तेव्हा काही बोललो नाही. त्यांनी अर्घ्य दिलं, आत गेल्या, मुगागाठींचं कालवण आणि भात पोटभर जेवल्या. चंद्राचे वण, चंद्राचा रंग, सगळं दोनदा सांगितलं. आम्ही दोघं पानावर बसून त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. उजवीकडचा पाण्याचा कोप घ्यायला हात गेला, चुकला, आणि कोप आडवा झाला. गेली कित्येक वर्षं मी या सांडलेल्या पाण्यावर कुरकुरत आले होते. त्या रात्री मी ते गुपचूप पुसलं.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण मुलगी होती ती, फार शांत. सासूबाईंची हनुवटी एका यंत्रावर टेकवून तिने हातात बटण दिलं. आतल्या पांढऱ्या वाटीत कुठे ना कुठे एक ठिपका उजळतो, दिसला की बटण दाबायचं. मी मागे बसले होते. यंत्राची बारीक किरकिर ऐकू येत होती, ठिपका बदलत असणार. बटण वाजलं. मग कितीतरी वेळ नुसती किरकिर. मी मनात म्हणत होते, दाबा, आई, दाबा ना. पुन्हा एकदा वाजलं आणि पुन्हा शांत. आणि हा त्यांचा डावा डोळा होता, चांगला डोळा.

डॉक्टर म्हणाली, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली शीर हळूहळू वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही, कडेपासून जात जातं, म्हणून माणसाला कळत नाही. उजव्यातलं गेलं ते गेलं, परत येणार नाही. डाव्यातलं कडेचं गेलंय, मधलं राहिलंय. रोज न चुकता थेंब घाला, उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू.

"पण त्या सुईत दोरा ओवतात," मी म्हटलं. मी वाद घालत होते, जणू जिंकले तर डोळा परत मिळणार होता.

"मधलं आहे ना, म्हणून ओवतात," ती म्हणाली. मग तिने मुठीची पुंगळी केली आणि आपल्या डोळ्याला लावली. "त्यांना एवढंच दिसतं. बाकी सगळा काळोख."

सदांच आसता. ते शब्द मला तिथे, त्या खुर्चीत ऐकू आले. वाड्यावरची माणसं दुर्बिणीतून बघून जे चार क्षण सोसू शकली नव्हती, त्यात ही बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहत होती, स्वयंपाक करत होती, विहिरीचं पाणी ओढत होती. मी तोंडावर पदर धरला. मला तिथे रडायचं नव्हतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. घाबरतील, रडतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी डॉक्टरला एकच विचारलं. उजव्या बाजूला कोणी उभं राहिलं, तर मला दिसेल का?

"नाही दिसणार," डॉक्टर म्हणाली.

"ताट घेवन उबें रावलें तरी?"

डॉक्टरला प्रश्न कळला नाही. मला कळला.

परतताना चोपड्याच्या पुलावरून आलो. पुलावर नदी बघायला सासूबाईंनी डोकं अख्खं वळवलं, खांद्यासकट. अशाच बघत आल्या होत्या त्या, मी कधी लक्षच दिलं नव्हतं. गाडी दारात थांबली, तशा त्या घरात न जाता सरळ गडग्याकडे निघाल्या. या वेळी अर्ध्या वाटेवरून माघारी आल्या नाहीत. गडग्याला हात लावून त्यांनी हाक मारली.

शेजारीण बाहेर आली, पण ओटीवरच थांबली. एका वर्षाने हाक आली होती. तिचा चेहरा ताठ होता.

"हांगा यो," सासूबाई म्हणाल्या. "नेवऱ्यो घेवन उबें आशिल्लें थंय उबें रव."

शेजारणीने माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. ती आली आणि गडग्याशी, त्याच जागी उभी राहिली. सासूबाई चाचपत तुळशीपाशी गेल्या आणि त्या दिवशी उभ्या होत्या तशा, घराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शेजारीण त्यांच्या उजव्या अंगाला, चार हातांवर.

"आतां हात मुखार कर."

शेजारणीने रिकामे हात पुढे केले. सासूबाईंनी मान वर केली. त्यांचं तोंड निम्मं तिच्याकडेच वळलेलं होतं. खिडकीतून मी पाहिलं होतं ते अगदी हेच. आणि त्या रिकाम्या अंगणाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "खंय आसा गो तूं?"

शेजारीण हलली नाही. तिचे हात तसेच पुढे होते. "हांगाच आसा मगो," ती पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "तुज्या मुखार आसा गो!"

"माका दिसना. त्या दिसाय दिसलें ना."

शेजारणीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. ती साठी ओलांडलेली, गुडघ्याने अधू बाई गडगा चढून अलीकडे आली. चिरे ढासळले. तिने सासूबाईंचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि स्वतःलाच शिव्या घालत रडायला लागली. सासूबाई मात्र रडल्या नाहीत. एक डोळा गेला, दुसरा जायच्या वाटेवर, आणि त्या माझ्याकडे वळून हसल्या. "आळ गेलो गो," त्या म्हणाल्या.

आता रोज सकाळी थेंब मी घालते आणि संध्याकाळी शेजारीण. मी कारखान्यातल्या पाळीवरून यायच्या आत ती येते. गडग्याचा तो ढासळलेला भाग आम्ही पुन्हा रचला नाही. सासूबाई दचकू नयेत म्हणून घरात आम्ही सगळे त्यांच्या डाव्या बाजूने येतो. एकदा घरात कोणी नसताना मी उजवा डोळा मिटला, डाव्याला मुठीची पुंगळी लावली आणि रांधपाच्या खोलीतून तुळशीपर्यंत चालायला निघाले. उंबरठ्यावरच आपटले. पुढे जायची हिंमत झाली नाही.

डावा डोळा किती टिकेल ते डॉक्टर सांगत नाही. आम्हीही आता विचारत नाही.

त्यानंतरच्या संकष्टीला शेजारीणही आली. मी दुर्बीण लावली होती. सासूबाईंनी डाव्या डोळ्याने चंद्र बघितला, मग शेजारणीने बघितला आणि पाइपातून बघितल्यासारखं दिसतं म्हणायला गेली, पण मध्येच थांबली. अर्घ्य द्यायला सासूबाई उठल्या. नुसत्या नजरेने चंद्र शोधू लागल्या, आणि त्यांना तो सापडेना. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, एवढं आकाश आणि मुठीएवढी नजर. मी पुढे होणार तोच शेजारणीने त्यांची हनुवटी धरली आणि तोंड हळूच काजूच्या डोंगराकडे वळवलं.

"दिसलो?"

"दिसलो." त्यांनी हात जोडले. मग हात तसेच ठेवून म्हणाल्या, "एक दीस दिसना जातलो गो. तेन्ना तूं सांग. तुवें सांगलें म्हळ्यार हांवें पळयलो."

शेजारीण आत गेली, भात आणि मुगागाठी वाढल्या, आणि ताट आणून सासूबाईंच्या डाव्या हाताशी ठेवलं.